वॉशरच्या वाटचं पाणी

त्याला सगळे वॉशर म्हणायचे. नळ गळू दे, टाकी वाहू दे, भिंतीला ओल येऊ दे, हा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणणार, "काही नाही, वॉशर गेलाय." बहुतेक वेळा वॉशरच गेलेला असायचा, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. सामानाच्या दुकानात तो वॉशर, घरमालकांच्या फोनमध्ये वॉशर, आणि लग्न होऊन दूर गेलेली मुलगीसुद्धा लाडात आली की वॉशरबाबा म्हणायची.

माणूस कामाला चोख, पण स्वभावानं जळका. तोंडावर म्हटलं तर अंगावर यायचा, पण खोटं कशाला बोला? पलीकडच्या गल्लीतल्या प्लंबरनं भिंत फोडायचं नवीन मशीन घेतलं, तर याचं जेवणावरचं मन उडालं. साडूच्या डोक्यावर या वयातही काळेभोर केस, म्हणून हा साडूला पाण्यात बघायचा. भेटला की कसा आहेस वगैरे काही नाही, थेट, "रंग कुठला लावतोस?" शेजारच्या मुलाला नोकरी लागली तर हा तोंडभर हसून सांगून यायचा, "टिकली म्हणजे मिळवली." दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. बायको म्हणायची, "अहो, दुसऱ्याचं बघून एवढं पोटात दुखतं तुमच्या, काही औषध तरी घ्या." तेव्हा ती थट्टा होती.

कान मात्र देवानं त्याला सढळ हातानं दिले होते. त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागं. तीन मजल्यांच्या इमारतीचे सगळे पाइप त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून खाली उतरायचे. दुसऱ्या कुणाला ती खडखड सहन झाली नसती. वॉशर भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि इमारतीची बातमी सांगायचा. "तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर आंघोळीला बसले. पहिल्यावर भांडी निघाली. दुसऱ्यावर कुणीतरी ग्लास भरला." बादलीचं पाणी कसं वाहतं, भांड्यांचं कसं तुटक येतं, आणि ग्लासभर पाणी घेऊन नळ बंद केला की पाइप कसा खट् करतो, हे त्याला झोपेतही कळायचं. बायकोला सुरुवातीला याचं कौतुक वाटायचं. पुढं पुढं ती म्हणायची, "लोकांना निदान तोंड तरी धुऊ द्या निवांत."

मग त्याच्या किडन्या गेल्या. एकदम नाही, हळूहळू गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड, मग जिना चढताना धाप. शेवटी आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायची पाळी आली. मशीनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी एक लिटरची रिकामी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "काका, दिवसाला एवढंच. चहा, दूध, भाजीतलं पातळ, गोळीबरोबरचा घोट, सगळं यातच. तुमच्या शरीराला जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही आता. ते फुप्फुसात साचतं."

जन्मभर लोकांच्या घरी पाणी पोचवलेल्या माणसाला आता पाणी मोजून मिळणार. वॉशर बाटलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं तर मी नळ तपासताना सांडतो."

बायकोनं रोजचा नेम ठरवला. सकाळी उठल्यावर बाटली काठोकाठ भरायची आणि खिडकीत ठेवायची. त्याच्या चहाचं पाणीसुद्धा त्याच बाटलीतून घ्यायचं. दुपारपर्यंत बाटली अर्धी झाली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. घोट तोंडात घोळवून ठेवायचा, मग नाइलाजानं गिळायचा. ओठ ओले करायचा. लिंबाची फोड चोखायचा. तहान मात्र कुठं जायची नाही, जिभेवर ठाण मांडून बसायची.

आणि त्याच्या जळकेपणाला आता कसलाच धरबंध राहिला नाही. आधी निदान मशीन, केस, नोकरी असं काहीतरी मोठं लागायचं. आता ग्लास पुरेसा होता. टपरीवर कुणी चहाच्या आधी पाणी मागितलं तरी याचं डोकं फिरायचं. एकदा रस्त्यावर एका बाईनं अर्धी बाटली झाडाला ओतली, तर हा त्या झाडावर जळला. दवाखान्यात शेजारच्या पलंगावर एक निवृत्त बँकवाला असायचा. त्याला अजून थोडी लघवी होत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला वॉशरपेक्षा दीड पेला पाणी जास्त दिलं होतं. वॉशर घरी येऊन बायकोला म्हणाला, "बँकेत बसून बसून काय केलं असेल त्यानं, पण लघवी शाबूत ठेवलीय. आमचं नशीब बघ." माणसानं दुसऱ्याच्या लघवीवर जळावं, यापुढं काय बोलायचं?

त्यात साडूनं नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी फुलाच्या चित्रावर मजकूर पाठवला, 'निरोगी राहायचंय? रोज आठ ग्लास पाणी प्या!' वॉशरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं लिहिलं, 'तुझे आठ तूच पी, आणि वर केस धुवायला चार घे.' मुलीनं फोन करून ते पुसायला लावलं.

हे सगळं बाहेरचं झालं. घरात काय झालं, ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

ऐन उन्हाळ्यातली दुपार. बायको बाजारातून दोन जड पिशव्या घेऊन आली, चेहरा लालबुंद. पिशव्या दाराशी टाकल्या, तांब्या उचलला आणि वरूनच तोंडात धार सोडली. गटागटा. हनुवटीवरून थोडं गळ्यावर ओघळलं, तेही तिनं पुसलं नाही. वॉशर खिडकीशी बसला होता, बाटलीत दोन बोटं पाणी उरलं होतं आणि संध्याकाळ अजून लांब होती. त्याच्या तोंडून गेलं, "पी, पी. माझ्या वाटचं पण पी."

बायकोनं तांब्या खाली ठेवला. पिशवीतले बटाटे काढून टोपलीत ठेवायला लागली. वॉशरही विसरला. असली वाक्यं तो दिवसाकाठी ढिगानं बोलायचा, एकेक लक्षात कुठं ठेवणार?

त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच्या कानांना एक गोष्ट खटकली. घरचा नळ स्वयंपाकाला वाहत होता, भांड्यांना वाहत होता, फरशीच्या बादलीला वाहत होता. ग्लासभर पाण्याचा तो खट् मात्र घरातून येईनासा झाला होता. तांब्या उपडा पडलेला असायचा. बायको जेवायला बसली तरी ताटाशेजारी पाणी नाही.

दुसरा एखादा म्हणाला असता, बिचारी माझ्यासमोर पीत नाही. पण हा वॉशर. त्याच्या मनात पाल चुकचुकली. माणूस पाण्याशिवाय राहत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? घरात पीत नाही, म्हणजे बाहेर कुठंतरी पिते. चोरून पिते. मनमुराद पिते.

आणि एकदा संशय आला की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात. ती घडीघडी बाथरूमला जायला लागली होती. सकाळी जायची, भाजी चिरता चिरता उठून जायची, अंग टेकलं तरी पुन्हा उठायची. प्रत्येक वेळी वॉशर आतल्या पाण्याचा आवाज ऐकायचा आणि दात खायचा. प्यायल्याशिवाय का जावं लागतं कुणाला? त्याला स्वतःला तर आता जावंच लागत नव्हतं. ती बाहेर यायची तेव्हा तिचं तोंड वाकडं झालेलं असायचं. वॉशरला वाटायचं, पकडली गेली म्हणून तोंड वाकडं करतेय.

कुठं पिते, तेही त्यानं शोधून काढलं. दुसऱ्या मजल्यावर एक पडदेवाली राहायची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे पडदे शिवायची. वॉशरचं काम सुटल्यापासून बायको दुपारी तिच्याकडे मदतीला जात होती, टाके घालायला, कड्या लावायला, असं वॉशर समजून होता. त्यानं भिंतीला कान लावला. बायको वर गेली, थोडा वेळ गेला, आणि दुसऱ्या मजल्याचा पाइप वाजला. ग्लासभर वाहिला. खट्. परत थोड्या वेळानं, खट्. परत. दुपारभर असं चाललं होतं.

"वा," वॉशर बाटलीला म्हणाला. "नवरा इथं घोट घोट मोजतोय, आणि ही वर पाणपोई लावून बसलीय."

जगातल्या सगळ्यांवर जळून झालं होतं त्याचं. बायको तेवढी उरली होती. तिच्यावर तो कधी जळला नव्हता. जळावं असं तिच्याकडं काही होतंच कुठं? आता मात्र ती खाली आली की तो तिच्या ओठांकडं, गळ्याकडं बघायचा. किती प्यायली असेल? गार प्यायली असेल का? पडदेवालीकडं फ्रिज होता. "काय, झालं का पोटभर?" असं त्यानं एकदा विचारलंही. तिला वाटलं, गप्पांबद्दल विचारतोय. "कसलं पोटभर," ती म्हणाली, "पाठ मोडली नुसती." आणि भिंतीचा आधार घेत खाली बसली. वॉशरनं मनात म्हटलं, नाटक.

तिला रंगेहाथ पकडायचं त्यानं ठरवलं. मग म्हणायचं, घरात उपास आणि बाहेर मेजवानी? पुढं काय, ते ठरवलं नव्हतं. एवढं मात्र खरं, त्या दिवसानंतर त्यानं तिच्या हातचं काही सरळपणानं घेतलं नसतं. बत्तीस वर्षांचा संसार, आणि तो ग्लासभर पाण्यावर येऊन लटकला होता.

दुपारी पहिला खट् झाला तसा तो उठला. जिना चढायला त्याला बंदी नव्हती, पण दम नव्हता. पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिला. ज्या जिन्यावरून पाइपचे तुकडे खांद्यावर टाकून तो शीळ घालत चढायचा, त्याच जिन्यानं आता त्याला घाम फोडला. वरून पाण्याचा आवाज आला. तो पुन्हा चढायला लागला.

पडदेवालीचं दार सताड उघडं होतं, कारण आतून भट्टीसारखी झळ येत होती. वॉशर दाराच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात थांबला. लांबलचक टेबल, त्यावर जाड पडदा पसरलेला, आणि त्याची बायको त्याच्याकडं पाठ करून इस्त्री मारत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती इस्त्री उभी ठेवून मोरीकडं वळली. हातात प्लास्टिकची फवाऱ्याची बाटली होती. नळ सोडला, बाटली भरली, नळ बंद केला.

खट्.

परत येऊन तिनं पडद्यावर फवारा मारला, फुस्स फुस्स, आणि इस्त्री उचलली. पडदेवाली मशीनवरून म्हणाली, "अगं, तुझे ओठ बघ कसे फुटलेत. घोटभर पाणी तरी पी."

"नको. घरी जाऊन पिते."

"रोज हेच सांगतेस."

"पिते हो खरंच." आणि तिनं एक हात ओटीपोटावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं टेबलाची कड पकडली, आणि कळ जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मग पुढचा पडदा ओढला.

आता खरं सांगायचं तर वॉशरला पहिल्यांदा वाटली ती निराशा. चोर सापडायला हवा होता, आणि सापडला नाही. पण ती निराशा जेमतेम दोन पायऱ्या उतरेपर्यंत टिकली. तिसरीवर त्याचे पाय थबकले. घरी पिते म्हणाली. घरी कोण असतं? घरी तो असतो, भिंतीला कान लावून. घरातला एकही ग्लास त्याच्या कानांतून सुटला नसता. इथं पीत नाही आणि तिथंही पीत नाही. मग ही बाई पाणी पिते कुठं?

उत्तर त्याच्याजवळ होतं आणि ते त्याला नको होतं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं, आधीच तिथं फार नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी त्याची मशीनची पाळी होती. तो बायकोला म्हणाला, "आज तूही डॉक्टरीणबाईंना दाखव."

"मला काय धाड भरलीय?"

"चल म्हणतो ना."

तिला ताप होता, हे तिथं गेल्यावर कळलं. लघवी तपासली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "काकू, जळजळ किती दिवस आहे?"

"झाले थोडे दिवस."

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"पिते की."

"किती?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तहानच लागत नाही हो मला फारशी." तिनं वॉशरकडं बघितलं नाही. अजूनही ती त्यालाच सांभाळत होती.

"लागते तिला," वॉशर पलंगावरून म्हणाला. हातात सुया होत्या, त्याला उठता येईना. "लागते, पण पीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. बाटल्या मोजणारी घरं त्यांनी बरीच पाहिली असावीत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "काकांचं माप काकांच्या आजाराचं आहे. ते घराचं नाही. धडधाकट माणसानं रोज इतकंच प्यावं, असा काही एक आकडा नसतो. तहान लागली की प्यायचं. उन्हातून आलात, उकाड्यात काम केलंत, तर आणखी. लघवी फिकट दिसली की समजायचं, पुरतंय. आत्ता तर तुम्हाला जंतू झालेत, तेव्हा औषध घ्या आणि काकांच्या बाटलीच्या दुप्पट, अडीचपट पाणी जाऊ दे पोटात. नाहीतर पुढच्या वर्षी दोन पलंग लागतील मला."

अडीचपट. एवढं सगळं ऐकूनही तो शब्द कानावर पडला आणि वॉशरच्या पोटात कळ उठली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण कळ काही लाजली नाही.

घरी आल्यावर बायकोनं औषधाची पुडी फडताळात ठेवली आणि सवयीनं त्याची बाटली खिडकीतून उचलून किती राहिलंय ते बघितलं. वॉशर भिंतीशी बसला.

"का गं?" तो म्हणाला.

"काय का?"

"पाणी का पीत नाहीस?"

ती बराच वेळ बाटलीचं झाकण आवळत राहिली. ते आधीच घट्ट होतं. "तुम्हीच म्हणालात ना, माझ्या वाटचं पण पी."

"मी? कधी?"

"बटाटे आणले होते त्या दिवशी. तेव्हापासून घोट घेतला की वाटतं, तुमचाच घेतेय. तुमच्यासमोर प्यायले तर तुम्ही बघत राहता. तुमच्या मागं प्यायले तर चोरल्यासारखं वाटतं. चहा घेत होते, एखादा घोट घेत होते गोळीबिळीला. बाकी मग राहूनच गेलं."

वॉशरला आता आठवलं. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी आठवलं, आणि ते बघून काय वाटलं होतं तेही.

"मी काय, दिवसभर असलंच बोलत असतो," तो म्हणाला.

"हो. बाकीचं मी सोडून देते. हे नाही सुटलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, वॉशरला भांडता तरी आलं असतं. तो भिंतीला हात टेकत उठला. उपडा तांब्या त्यानं तसाच राहू दिला. मांडणीवरचा सगळ्यात मोठा ग्लास घेतला, पाहुण्यांसाठी ठेवलेला. नळ सोडला. पाणी चढत गेलं तसा आवाज बारीक होत गेला. काठाशी आलं तसा त्यानं नळ बंद केला आणि ग्लास तिच्यासमोर धरला.

"तुम्ही जरा बाहेर बसा ना," ती म्हणाली. "मी पिते."

"नाही. इथं. माझ्यासमोर."

"कशाला स्वतःला त्रास करून घेताय?"

"त्रास होणारच. मी जळका माणूस आहे, गावाला ठाऊक आहे. मला होऊ दे त्रास. तू पी."

तिनं ग्लास तोंडाला लावला. पहिला घोट अडखळत गेला. मग तहान तिच्या हातून सुटली आणि ती प्यायला लागली, डोळे मिटून, ग्लास दोन्ही हातांनी धरून. वॉशर बघत होता. गळ्याची हालचाल त्याला दिसत होती, प्रत्येक घोट ऐकू येत होता, आणि त्याची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती. असा जळफळाट त्याला साडूच्या केसांवर झाला नव्हता, बँकवाल्यावर झाला नव्हता, जन्मात कुणावरच झाला नव्हता. तोंडात वाक्य तयार होतं, नेहमीचं, धारदार. ते त्यानं गिळलं. दिवसभरात घशाखाली गेलेलं तेवढं एकच त्याच्या मापात धरायचं नव्हतं.

तिनं ग्लास खाली घेतला. "झालं."

"नाही झालं. दोन घोट राहिलेत."

तिनं ग्लासात बघितलं. दोनच होते. ती हसली, आणि प्यायली. हनुवटीवरून थोडं ओघळलं, ते तिनं पदरानं टिपायच्या आत वॉशरनं रिकामा ग्लास तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा नळ सोडला.